धुक्यातल्या हाका

अवसरीला आमच्या शेजारी एक काकू राहतात. नावातलं शेवटचं अक्षर लांबवत त्या हाक मारतात. माणसांशी, शेळीशी आणि अंगणातल्या तुळशीशी त्या एकाच सुरात बोलतात आणि उत्तराची वाट बघत थांबतात.

गेल्या हिवाळ्यात उसात बिबट्या फिरू लागला, तशा बायका एकट्यानं रानात जाईनाशा झाल्या. काकू मात्र रोज सकाळी दारोदार यायच्या. "चला गं, गवताला जायचं ना? का गुरं उपाशी ठिवायची?" मग एकेक दार उघडायचं. धुक्यात कुणाचं तोंड दिसायचं नाही. नुसत्या बांगड्या वाजायच्या, बोलणं ऐकू यायचं. आपण वाटेवरून चालतोय की ढगातून, कळायचं नाही.

एके दिवशी बांधालगतचा ऊस जोरात सळसळला. आम्ही जागीच थिजलो. काकूंनी माझा हात धरला आणि मोठ्यानं ओवी धरली. घाबऱ्या आवाजात आम्हीही साथ दिली. सळसळ हळूहळू लांबवर गेली आणि ऊस निवांत झाला.

तेव्हा जाणवलं, ओवी संपली तरी काकूंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

"काकू, तुम्हालाही भीती वाटते?"

"लई भ्या वाटतं गं पोरी. येकटीला घरात बसवत न्हाई. म्हनून तर तुमाला समद्यांना बोलवीत हिंडते."

आम्ही त्यांना मधे घेतलं आणि पुढं निघालो.