ज्याच्याजवळ दुपट्टा

आमच्या घरी एकच सायकल होती. बाप तिच्यावरून गोंदियाजवळच्या फुलचूरहून राइस मिलमध्ये पोती वाहायला जायचा. त्याची पाळी संपेपर्यंत मी मिलच्या फाटकावर उभा राहायचो आणि मग तीच सायकल घेऊन कॉलेजात जायचो. माझा पहिला तास कायम बुडाला. आई दिवसभर विड्या वळायची. तिच्या बोटांत तंबाखूचा वास इतका मुरला होता की तिनं कालवलेल्या भातालाही तो यायचा. अशा घरातून मी बी.ए. झालो. घराण्यात पहिला. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. ज्याची वाटते ते पुढे सांगतो.

बी.ए. होऊन नोकरी लागली ती लग्नाचे व्हिडिओ बनवणाऱ्या दुकानात. गोंदियाच्या बाजारात, वरच्या मजल्यावर एक खोली. तिच्यात दोन कम्प्युटर, एका वायरनं जोडलेले. एकावर मी, दुसऱ्यावर मामा.

मामा म्हणजे कोणाचे मामा नव्हेत. वय पन्नाशीचं, गाव तिरोड्याजवळचं, येणं-जाणं रेल्वेनं. कॅमेरा खांद्यावर घ्यायचा जमाना होता, तेव्हापासून ते या धंद्यात होते. दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून लग्नं कापून-जोडून दिलेला माणूस. सकाळी खोलीत शिरले की चपला काढायच्या आधी त्यांचा एकच सवाल असायचा.

"दुपट्टा कोणाजवळ हाये?"

आमच्याकडे गमछ्याला दुपट्टा म्हणतात. दुकानात एक लाल चौकड्यांचा जुना दुपट्टा होता. तो ज्याच्या खुर्चीवर, त्यानंच त्या दिवशीच्या लग्नाला हात लावायचा, असा मामांचा कायदा होता. कारण लग्न एक आणि आम्ही दोघं. टाइमलाइन म्हणजे पडद्यावरची एक लांबच लांब पट्टी. तिच्यावर हळदीपासून बिदाईपर्यंतचे तुकडे एका ओळीत मांडलेले असतात. तुकडे मामा निवडायचे. नावं, गाणी आणि पाकळ्या-चांदण्या मी टाकायचो. फाइल मात्र एकच. ती दोघांनाही उघडता यायची, आणि जो शेवटी सेव्ह करेल त्याचंच काम उरायचं. म्हणून आपलं काम झालं की सेव्ह करायचं, फाइल बंद करायची आणि मगच दुपट्टा पुढे द्यायचा.

"ह्या डबड्याले डोळे नाहीत गा," मामा म्हणायचे. "आमच्या गावी तळ्याच्या मोरीवर ज्याची पाण्याची पाळी, त्याचा दुपट्टा. तो दिसला का दुसरा फावडं लावत नाही. सख्खा भाऊ असला तरी."

"मामा, हा कम्प्युटर आहे. धानाची बांधी नाही."

"पाणी सोपं रायते, ग्रॅज्वेट. आटलं त दिसते तरी."

ते मला ग्रॅज्वेटच म्हणायचे. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, ते मला कधी कळलं नाही.

एकदा ते कामाचा दुपट्टा चुकून खांद्यावर टाकून गावी गेले. दुसऱ्या दिवशी गाडी लेट. दुकानाचा मालक, शेठ, वर आला तर मी हात बांधून बसलेला.

"क्या कर रहा है?"

"मामा टाइमलाइन घेऊन तिरोड्याला गेले."

शेठ हसला. मी मात्र मनातून चिडलो होतो. बी.ए. झालेल्या माणसानं फडक्याची वाट पाहत बसायचं?

तुम्ही कधी कोणाच्या लग्नाचा व्हिडिओ पूर्ण पाहिला असेल तर त्यात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नवरा, नवरी, हार, जेवणाऱ्यांची तोंडं. मामा मात्र कडेकडेचं पाहायचे. "नवरदेव त सारेच पाहतेत. नवरीच्या बापाले कोण पाहते?" असं म्हणून प्रत्येक लग्नात ते नवरीच्या बापाचा एखादा तुकडा ठेवायचेच. मी कापला तर पुन्हा टाकायचे.

मग ते लग्न आलं. त्याचं काम सुरू असतानाच नवरीचा बाप वारला. नवरीचा भाऊ दुकानात आला. पंचवीसेक वर्षांचा, डोकं भादरलेलं. म्हणाला, "बाबूजींचा एकबी फोटो धड नाही. ते सगळ्याइचे काढायला लावत, स्वतः सरकून जात. कॅसेटीत जिथं जिथं असतीन, तेवढं एका जागी करून द्या. तेरवीले लावाचं हाये."

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भेटतीन. बाप लपला तरी कॅमेऱ्यात सापडते."

अकरा कॅसेटी होत्या. दोन दिवस मामांनी पडद्यावरून मान वळवली नाही. घोळक्याच्या मागे, पंगतीच्या टोकाला, मंडपाच्या दोरीपाशी, असं करत तो माणूस त्यांनी एकेक सेकंद गोळा केला. मला बोलावून दाखवायचे. "हे पाह्य, चपला सरळ करून राहिले. वऱ्हाडाच्या! कोणी सांगतलं होतं त्याइले?"

तिसऱ्या दिवशी दुपारी ते काम संपवून, सेव्ह करून, फाइल बंद करून खाली जेवायला गेले. दुपट्टा त्यांच्याच खुर्चीवर होता.

आता माझं ऐका. दोन दिवसांपूर्वी नावं टाकून झाल्यावर मी दुपट्टा मामांना दिला होता, पण फाइल बंद केली नव्हती. नुसती पडद्याच्या तळाशी दाबून ठेवली होती. मशीन दोन्ही रात्री चालूच होतं. म्हणजे माझ्या पडद्यावरचं लग्न दोन दिवस जुनं होतं. त्या दुपारी मला वाटलं, नावांमागे पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या फार घाईत पडतात, जरा हळू कराव्यात. मिनिटाचं काम. तेवढ्यासाठी दुपट्टा मागायची मला लाज वाटली. मी फाइल वर घेतली, पाकळ्या हळू केल्या आणि सेव्ह केलं.

मामा जेवून आले. फाइल उघडली. टाइमलाइनवर दोन दिवसांत गोळा केलेला बापाचा एकही तुकडा नव्हता.

दुसरी प्रत नव्हती. मशीन अडकतं म्हणून आपोआप सेव्ह होणं मीच बंद करून ठेवलं होतं. चार वाजता नवरीचा भाऊ येणार होता आणि दुसऱ्या दिवशी तेरवी होती. मामा पुन्हा पहिल्या कॅसेटीपासून शोधायला बसले. चारपर्यंत जेमतेम दोन तुकडे हाती लागले.

भाऊ आला. मागून शेठही वर आला.

"मामा, कहाँ है इनके पिताजी?"

मामांनी चष्मा काढला. शेठ माझ्याकडे वळला. "तू पढ़ा-लिखा है. तू बता, क्या हुआ?"

मी म्हणालो, "मामा से सेव करना रह गया होगा."

हे मी हिंदीत बोललो. खोटं बोलायला ती सोपी गेली.

पडद्यावर माझ्या पाकळ्या पडत होत्या. सावकाश. सकाळपर्यंत त्या घाईत पडायच्या, हे या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. मामांनी पाकळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलावं म्हणून माणूस जेवढा वेळ थांबेल, तेवढा वेळ ते थांबले. मी कीबोर्डकडे पाहत राहिलो.

मग ते त्या भावाकडे वळले. "बस बेटा. मी सांगतो." आणि त्यांनी तोंडी सांगितलं. दुसऱ्या कॅसेटीत मंडपामागं एकटेच पाणी पिऊन राहिले. पाचवीत पंगत उठल्यावर उष्टी पत्रावळ स्वतः उचलली. नवव्या कॅसेटीत बहिणीची गाडी निघाली, सगळे परतले, तुमचे बाबूजी उभेच. सत्तावीस सेकंद. मग कॅमेरा वळला. तो पोरगा जमिनीकडे पाहत मान हलवत होता. जाताना त्यानं लग्नाची साधी सीडी नेली.

मामांनी शेठला आणखी दोन दिवस मागितले. शेठ म्हणाला, तेरवी झाल्यावर कोण पाहणार? पुढच्याच आठवड्यात त्या अकरा कॅसेटींवर दुसरी लग्नं भरली गेली. आमच्याकडे तसंच चालायचं.

महिना संपला तेव्हा शेठ म्हणाला, "मामा, अब आराम करो. ये नया ज़माना आपसे नहीं होगा."

मामांनी आपला डबा घेतला, चष्म्याची डबी घेतली. खुर्चीवरचा दुपट्टा उचलला, झटकला, नीट घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"घे गा. आता पाळी तुझीच. बारमाही."

ग्रॅज्वेट म्हणाले नाहीत.

त्या दुपट्ट्यानं मी काही दिवस पडदे पुसले. पुढं तो कुठं गेला, मला माहीत नाही.

गोंदियाहून तिरोडा काही दूर नाही. लग्नांच्या कामानं मी त्या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन. मामांच्या गावाचा फाटा यायचा, ड्रायव्हर विचारायचा, "चाय पियाची का?" मी म्हणायचो, पुढं पिऊ. मामा वारल्याचं मला आठ महिन्यांनी कळलं, तेही त्यांच्यासोबत रेल्वेनं येणाऱ्या एका माणसाकडून, बोलता बोलता. त्याला वाटलं, मला माहीत असेल.

पुढं मी स्वतःचं दुकान काढलं. नवीन सॉफ्टवेअर घेतलं. एकानं लग्न उघडलं की बाकीच्यांच्या पडद्यावर एक बारकं कुलूप येतं आणि उघडणाऱ्याचं नाव. दुसऱ्याला नुसतं पाहता येतं, हात लावता येत नाही. ते विकायला आलेला माणूस टाय लावून मला तासभर समजावत होता. मी त्याला म्हणालो नाही की हे मला माहीत आहे.

आज माझ्याकडे पाच मशिनी आहेत. पाच जण पाळीपाळीनं एकाच टाइमलाइनवर काम करतात, आणि आजवर एकाचंही काम दुसऱ्याच्या हातून पुसलं गेलेलं नाही.