स्वीडनची राणी आणि काकूंचं स्वयंपाकघर

१६५४ साली स्वीडनच्या राणीने राज्य सोडलं. १९८०च्या दशकात मी ओहायोत इतिहास शिकत होते आणि त्या एका वर्षावर मला वर्गापुढे निबंध वाचायचा होता. नागपूरच्या मुलीला स्वीडनचं काय पडलंय, असं जो तो विचारी. प्राध्यापकांनी दिला विषय, मी सांगे. खोटं होतं. मीच हट्टाने मागून घेतला होता.

राहायला मी ओहायोतल्याच डब्लिन गावात होते, मूळच्या पुण्याच्या एका काका-काकूंकडे. होस्टेलला जागा मिळाली नव्हती. काकूंनी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात माझं मराठी ऐकलं आणि सरळ घरी नेलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. काकूंनी मला आपल्यातलीच धरलं, आणि मी धरू दिलं. आठ महिने मी त्यांच्या देव्हाऱ्यात फुलं वाहिली, आरतीला टाळ्या वाजवल्या. रविवारी त्या माझ्या डोक्याला तेल लावत आणि कोणाच्या हातचं आपल्यात चालत नाही ते सांगत. मी मान खाली घालून ऐके. स्वतःचा संताप येई, आणि तो डोक्यावरचा हातही हवा असे. कळलं तर हे घर जाईल, ही धास्ती रोजची.

राणी मनाने कॅथलिक झाली होती, आणि तिच्या प्रॉटेस्टंट देशात कॅथलिक माणसाला गादीवर बसता येत नव्हतं. तिने आधी आपली पुस्तकं, चित्रं बाहेर पाठवली. खरं कारण दरबारात फार थोड्यांना ठाऊक. मुकुट उतरवायला नेमलेला सरदार जागचा हलेना, तेव्हा म्हणे तिने तो स्वतःच काढला. त्याच दिवशी आतेभावाला राज्याभिषेक झाला.

निबंधाच्या दिवशी काकू म्हणाल्या, "अगं, मीच ड्राइव्ह करते. आमची मुलगी बोलणार आणि मी घरी बसू?"

त्या शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन बसल्या. वाचन सुरळीत पार पडलं. मग प्राध्यापकांनी विचारलं, "तिला गप्प राहून राज्य करता आलं नसतं का?"

राजकारणाचं एक बेतशीर उत्तर कागदावर तयार होतं. ते सोडून मी म्हणाले, "आलं असतं. मी आठ महिने तेच करतेय."

आणि सांगून टाकलं. गाव ज्यांना शिवत नव्हतं त्यांच्यातली मी. आजोबांनी बौद्ध दीक्षा घेतली आणि घरातले देव बाहेर काढले. शेवटच्या रांगेकडे मी बघितलंच नाही.

परतताना सिग्नलला गाडी थांबल्यावर काकू म्हणाल्या, "छान बोललीस हो. एकदम कॉन्फिडन्ट." मग थोड्या वेळाने, "शनिवारी सत्यनारायण आहे. तू किचनमध्ये नको येऊस, मी मॅनेज करेन. तुझी एक्झाम आहे ना, वरच बस."

परीक्षेला दोन महिने होते, आणि ते त्यांनाही माहीत होतं. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

"काकू, मी दुसरी जागा बघते."

त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी घर येईपर्यंत वाट पाहिली. गाडी गराजमध्ये घेताना त्या म्हणाल्या, "कॅम्पसजवळ बघ. तुलाच सोयीचं पडेल."