दाजींचा उजवा पाय

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लोकांना गाडी शिकवतात. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरच्या. हा दुसरा ब्रेक दाजींच्या डोक्यात जाऊन बसला, आणि मग आमच्या घरात कुणाला सुखाने जगता येईना.

दाजींचा उजवा पाय घरी आल्यावरही कामावरच असतो. ताई कढईत तेल ओतायला लागली की टेबलाखाली तो जमिनीवर दाबला जातो. "बास, बास" हे तोंडातून नंतर येतं. मी चहात आणखी साखर घेतली की दाबला. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी नको त्या माणसाला लग्नाचा होकार देत असेल तरी दाबला. सोफ्यासमोरची सतरंजी नेमकी एका जागी झिजली आहे. ताई ती बदलत नाही, कारण नवीही तिथेच झिजणार.

जगाबद्दल त्यांचं मत सरळ आहे. लोक आपटत नाहीत, ते दाजी शेजारी असतात म्हणून. मीही त्यांच्याकडेच शिकलो. शेजारी बसून ते इतक्या सूचना द्यायचे की मला माझ्याच हातापायांचा राग यायला लागला होता.

पण खरं भोगलं ते माझ्या भाचीने. एकुलती एक लेक. वर्गात कुठल्या बाकावर बसायचं इथपासून कुठल्या मैत्रिणीशी किती बोलायचं इथपर्यंत, पाय दाबत दाबत दाजींनी तिला मोठं केलं. पोरगी कधी उलटून बोलली नाही. तिने फक्त सांगणं बंद केलं. परगावी नोकरीसाठी अर्ज केलाय, हे घरात कळलं ते नोकरी लागल्यावर. गाडी चालवायला शिकली, तीही दुसऱ्या मास्तरकडे. हे कळलं त्या दिवशी दाजी जेवले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं.

तिने एक जुनी गाडी घेतली आणि सामान भरायला घेतलं. दाजी म्हणाले, "सोडायला मी येतो. गाडी मी चालवतो."

"गाडी मीच चालवणार, बाबा. शेजारी गप्प बसणार असाल तर या. नाहीतर मी एकटी जाते."

आवाज चढला असता तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे बोलली. दाजींचा पाय जमिनीवर दाबला गेला, तो मला समोरून दिसला. ही पोर एकदा अशी निघून गेली की पुढे तिच्या दारात पाहुण्यासारखं विचारून जावं लागणार, एवढं त्यांनाही कळलं. "बसेन गप्प," ते म्हणाले. त्यावर आमचा कुणाचाच विश्वास बसला नाही, त्यांचाही नसावा.

निघायच्या आधी शिकवणीची गाडी गॅरेजमध्ये न्यायची होती. मी सोबत गेलो. मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "मास्तर, तुमच्या बाजूच्या ब्रेकची केबल तुटलीय. आजची नाही, टोकं पार गंजलीत."

"शक्यच नाही. सकाळीच दाबला मी. गाडी थांबली."

"शिकणाऱ्याने दाबला असेल त्याचा त्याने."

"अरे, पायाला लागतो की!"

"ती नुसती स्प्रिंग आहे. तुम्ही दाबता, ती वर येते."

दाजी तिथल्या स्टुलावर बसले. गाडी भिंतीवर आदळता आदळता त्यांनी ब्रेक दाबून वाचवलेली ती शिंपीणबाई, ट्रकखाली जाता जाता वाचवलेले ते निवृत्त हेडमास्तर. जेवताना आम्ही या कथा कितीदा ऐकल्या होत्या. सगळे आपापले वाचले होते. मला हसू आवरेना, म्हणून मी टायर बघायला गेलो.

स्टुलावर त्यांना ज्ञान वगैरे झालं, असं कुणी समजू नये. त्यांनी मेकॅनिकला झापलं, केबल नवी बसवून घेतली, आणि घरी आल्यावर ताईला तेल कमी घालायला सांगितलं. फक्त ते सांगताना एकदा टेबलाखाली वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

निघायच्या सकाळी मी आणि ताई मागे, सामानाच्या मध्ये कोंबून बसलो. दाजींनी बूट काढले आणि पुढच्या सीटवर चक्क मांडी घातली.

"अहो, हे काय?" ताई म्हणाली.

"पाय खाली असला की दाबला जातो. वर असलेला बरा."

भाचीने पहिल्याच वळणावर गिअर उशिरा टाकला. गाडीने गचका दिला. मी डोळे मिटले. उघडले, तर दाजींची मांडी तशीच होती. एक ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. दाजींचे कान लाल झाले, पण तोंडातून ब्र नाही. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचा पाय धरून ठेवला होता. हा माणूस मला तेव्हा जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता.

मग गावाबाहेरचा रस्ता लागला. दाजींनी अर्ध्या गावाला याच रस्त्यावर शिकवलंय. इथे आल्यावर ते खिडकीकडे वळले ते वळलेच. शेवटी भाचीलाच राहवेना. तिने गाडी कडेला घेतली.

"बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"ही नदी इथे कधीपासून आहे?" दाजींनी विचारलं.

"आपल्या लग्नाच्या आधीपासून," ताई मागून म्हणाली.

भाची हसली नाही. बापाकडे बघत राहिली. मग किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. "थोडा वेळ तुम्ही चालवता?"

मला वाटलं, संपलं. दाजींचा हात पुढे गेलासुद्धा. मग तो परत मांडीवर आला.

"नको," दाजी म्हणाले. "चालवायला लागलो की मला रस्त्याशिवाय काही दिसत नाही."

तिने गाडी सुरू केली. गिअर पुन्हा करकरला. दाजी नदीकडे बघत होते.