नावानिशी

हे गेले त्या दुपारी मी गच्चीवर कुरडया घालत होते. खालून हाक आली, 'वेणू...' मी म्हटलं, 'आले हो, हात भरलेत.' हात धुऊन खाली आले तर खुर्चीत मान कलली होती. महिना उलटून गेला. धुळ्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, मूलबाळ नाही, पण एवढं मोकळं मोकळं ते कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे नवरा बायकोला 'अगं' म्हणतो, फार तर 'ऐकलं का'. हे मात्र भरबाजारात 'वेणू' म्हणून हाक मारायचे. शेजारणी पदराआड हसायच्या. मी फणकारायचे, 'लाज कशी वाटत नाही हो?' ही सवय यांना कशी लागली, ते आता सांगायला हवं.

स्वराज्यानंतरची पहिली मोठी निवडणूक होती. हे पारोळ्याजवळच्या आमच्या गावी मास्तर, आणि मतदारांची नावं लिहायचं काम मास्तरांच्याच गळ्यात पडलेलं. पुरुष भराभर सांगायचे. बायका म्हणजे कुणी दगडूची माय, कुणी नथूची बायको. खरं नाव मिळालं नाही तर ती बाई वगळायची, असा वरून हुकूम. हे दारोदार विनवण्या करत फिरले आणि अडले ते आमच्याच ओट्यावर. सासूबाई नाव सांगेनात.

'मी तुनी माय शे, इतलं बस नई का?'

'माले बस शे, माय. सरकारले नई.'

अहो, मास्तरांना स्वतःच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं! घरात माय, गावात मास्तरांची माय. सासरे हयात असताना तेही 'अवं'च्या पुढे कधी गेले नाहीत. पाचोऱ्याच्या मामांना विचारा, मी म्हटलं. तर सासूबाई कडाडल्या, 'खबरदार! मनं नाव चावडीवर वाचशात का?' तलाठी म्हणाले, 'लिहा की सखूबाई, कोण बघतंय?' त्यावर हे असे लाल झाले! 'खोटं नाव लिहिलं की उद्या पदर ओढून कुणीही येईल आणि त्या नावावर मत टाकून जाईल. मग हा खटाटोप कशाला?' आणि आईला वगळलं.

मतदानाच्या दिवशी यांची नेमणूक दुसऱ्या गावी होती. सासूबाई नवं लुगडं नेसून माझ्याबरोबर शाळेपर्यंत आल्या आणि लिंबाखाली उभ्या राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा माझ्या बोटावरची शाई त्यांनी अंगठ्यानं घासून पाहिली. 'निंघत नई,' म्हणाल्या... एवढंच. तोवर त्या यांना 'बापू' म्हणायच्या. त्या दिवसापासून 'मास्तर' म्हणू लागल्या, ते शेवटपर्यंत.

त्या गेल्या तेव्हा पाचोऱ्याचे मामा आले आणि दारातच हंबरडा फोडला, 'भागा, व माय, भागा!' सासऱ्यांचं नाव भागवत. स्वतःचं नाव घ्यायला गेलं की नवऱ्याचं अर्धं तोंडात यायचं, म्हणून बाईनं जन्मभर ओठ मिटून घेतले होते. हे उठून माझ्याजवळ आले. म्हणाले, 'भागाबाई. ऐकलंस? भागाबाई.' दुसऱ्या दिवसापासून मी 'वेणू' झाले.

आमच्या गावात पेट्यांना लाखेची मोहोर होती, दाराशी पोलीस होता, खोटं मत पडलं नसावं. यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण ती म्हातारी लिंबाखाली राहिली ती राहिलीच, आणि ते यांनाही माझ्याइतकंच सलायचं.

आता मी दूधवाल्याची मावशी, शेजारची काकू, येणाऱ्याजाणाऱ्याची मास्तरीणबाई. परवा मतदारांची नावं तपासायला एक तरुण आला. त्याला यांच्याच खुर्चीत बसवलं. नाव विचारलं, मी सांगितलं. नवऱ्याचं विचारलं, तेही जन्मात पहिल्यांदा सांगितलं. इथं मात्र लिहिणार नाही. तो उठायला लागला तशी मी म्हटलं, 'काय लिहिलंत ते मोठ्यानं वाचा बघू.'

'वेणूबाई...' त्यानं वाचलं. त्या खुर्चीतून.

मी म्हटलं, 'नीट ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा.'