वारा तोंडात धरणारी सोयराबाई

बेंगळूरातल्या मल्लेश्वरमच्या मोहित्यांची सोयराबाई जन्मात विमानात बसली नव्हती, पण तिच्या हाताखालून गेलेले वैमानिक देशभर उडत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती फौजेच्या महिला तुकडीत शिरली आणि तिथं लिंक ट्रेनर, म्हणजे जमिनीवरच उड्डाण शिकवणारं यंत्र, चालवायला शिकली. लढाई संपल्यावर शहरातल्या एका खाजगी उड्डाणशाळेनं ते यंत्र घेतलं आणि यंत्रामागोमाग बाईलाही.

यंत्र म्हणजे बुटक्या पंखांची लाकडी पेटी. शिकाऊ आत बसला की वरून झाकण. आत फक्त काटे; खालचे चामडी भाते पेटीला डोलवत. बाहेर टेबलाशी सोयराबाई. तिच्यासमोर तसेच काटे, आणि नकाशावर तीन चाकांचा एक खेकडा, विमान जाईल तशी लाल रेघ ओढणारा. कंट्रोल टॉवरचा आवाजही तीच काढायची, तोही असा की नवी पोरं आतून 'येस सर' म्हणत.

अठ्ठावन्न सालच्या वळवाच्या दिवसांत तिचा जुना विद्यार्थी दामोदर आला. त्याचं मालवाहू डकोटा विमान उतरताना धावपट्टीच्या अलीकडे, नांगरलेल्या शेतात आपटलं होतं. माणसं वाचली. चौकशीत ठपका आला, वैमानिकानं वेग राखला नाही. आता परीक्षक त्याला पुन्हा तपासणार होता. नापास झाला तर लायसन गेलंच.

"अक्का, सगळं सरी होतं, अगदी ठीक. मग वारा गेला."

"गेला म्हणजे? कुठं गेला?"

"पत्ता विचारायचा राहिला बघा."

"मी असते तर विचारला असता. बस आत."

पेटीतला वेगाचा काटा हवेच्या ओढीवर चाले. सोयराबाईनं त्याची रबरी नळी चिमटीत दाबली, तसा काटा पडला. दामोदरनं झटकन थ्रॉटलचा दांडा पुढं रेटून एंजिन वाढवलं आणि विमान सुखरूप उतरवलं. पुन्हा दाबली, पुन्हा उतरवलं.

"मग शेतात का नाही केलंस असं?"

"तेच तर झोपू देत नाही, अक्का."

झोप आता तिचीही उडाली. संध्याकाळी घरी जाताना वावटळ उठली. पदर सावरत, वाऱ्यावर अंग टेकून ती चालत होती आणि वारा एकदम थांबला. सोयराबाई भर रस्त्यात पुढं कोलमडली. फुलवाली हसली. गुडघा झटकत बाई तिथंच उभी राहिली, विचारात.

दुसऱ्या दिवशी तिनं दामोदरला गाठलं. "शेतात आपटलास तेव्हा वाऱ्याची धूळ कुठून आली होती?"

"समोरून."

"मग आधी काटा चढला असणार."

"पडला, अक्का. मी बघितलाय."

"पडायच्या आधीचं विचारते मी."

त्याला ते आठवत नव्हतं.

या खेपेला तिनं नळी तोंडात धरली आणि शहाळं प्यावं तशी हवा ओढली. काटा चढला. टेबलावर एंजिनाचा काटा खाली आला. आत दामोदरनं वेग जास्त झाला म्हणून एंजिन कमी केलं होतं, शिकवल्याप्रमाणे. तिनं नळी सोडली. वेग कोसळला. उंची शून्य, आणि खेकडा धावपट्टीच्या अलीकडे उभा.

झाकण उघडलं. दामोदर आपल्या हाताकडे बघत होता.

"मीच कमी केलं."

"वाऱ्यानं आधी दिलं म्हणून. दिलेलं त्याचंच होतं, रे, ते त्यानं परत नेलं."

"परीक्षेत हा हात पुन्हा तेच करेल."

मग काटा चढला तरी एंजिन कमी न करण्याचा सराव सुरू झाला. दामोदर एका दिवसात तरबेज झाला, आणि खिन्नही. "हे खरं नाही, अक्का. वारा यायच्या आधी तुमचं बोलणं बंद पडतं. मला कळतं."

खरंच होतं. तोंडात नळी असताना टॉवर बोलणार कसा? सोयराबाई मुख्य शिक्षक जयसिंगरावांकडे गेली.

"बाई, नळी चघळण्याचा धडा अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले.

"चघळणार मी. तुम्ही टॉवर म्हणून स्वल्प बोला फक्त."

जयसिंगराव कुरकुरत माईकपाशी बसले. आधी हवामान सांगितलं, ते संपल्यावर सुचेना. "खाली कॉफी तयार आहे," ते म्हणाले. "उप्पीटही आहे. काल मीठ जास्त होतं..." 

सोयराबाईनं हवा ओढली. वेगाचा काटा चढला. तिची नजर एंजिनाच्या काट्यावर. तो हलला नाही. जयसिंगराव मिठाबद्दल बोलतच होते. तिनं नळी सोडली. वेग पडू लागला तोच एंजिनाचा काटा वर उसळला, आणि कानात दामोदरचा आवाज आला, "उतरत नाही. पुन्हा वर जातोय."

खेकडा धावपट्टी ओलांडून पुढं गेला. जयसिंगरावांनी माईक हातानं झाकला. "उद्यापासून प्रत्येकाला द्या हे," ते हळूच म्हणाले. "आधी सांगू नका."

परीक्षेच्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. दामोदर पास झाला आणि तडक शाळेत आला.

"वारा आला का?" सोयराबाईनं विचारलं.

"नाही. मी शेवटपर्यंत वाट बघत होतो."

"आणि हात?"

"तोही वाट बघत होता, अक्का. थ्रॉटलवर."