सातव्या दिवसाचं जॅकेट

सादिक शिंपी गेल्या महिन्यात वारला. जनाज्याला टोळीवाल्या फायेकची माणसं तीन गाड्या भरून आली आणि आपलाच बाप गेल्यासारखी रडली. मला, त्याच्या जुन्या शेजारणीला, संताप आला. सादिक कुणाचा बाप होता तर रुगायाचा, आणि ती आली नव्हती.

केप टाउनच्या डोंगराखाली आमची जुनी वस्ती होती, तेव्हा कॅनरीज म्हणजे नव्या वर्षाला गात-नाचत निघणारं मंडळ होतं, बाकी काही नाही. सादिक त्यांची साटिनची जॅकेटं शिवायचा. रंग दरवर्षी नवा, आणि नवं वर्ष उजाडेपर्यंत गुपित. बायको होती तोवर तिलासुद्धा त्याने कधी ताकास तूर लागू दिली नाही. मग सरकारने गोऱ्यांसाठी वस्ती पाडली आणि आम्हाला शहराबाहेर, वाळूवरच्या या इमारतींत आणून टाकलं. शेजार मोडला, चोऱ्या वाढल्या. तेव्हा मंडळातल्याच जवानांनी पहारा सुरू केला. आम्ही बायकांनीच त्यांना बोलावलं, चहा पाजला, खोटं कशाला बोलू? पहाऱ्याचा हप्ता झाला, हप्त्यातून नशेच्या गोळ्यांचा धंदा उभा राहिला आणि फायेक म्होरक्या झाला. साटिनचे तागे तोच आणू लागला. पुढे त्याने रंग बदलणंच बंद केलं. दरवर्षी पिवळा. त्यावरून सादिक आठवडाभर कुरकुरला; गोळ्यांबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

रुगायाचं लग्न रस्त्यापलीकडच्या तौरिकशी झालं, तेव्हा तो नुसता रस्ता होता. तौरिक बस चालवायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षभरात पलीकडच्या टोळीशी फायेकची जुंपली, दोन्हीकडची माणसं मेली आणि पिवळी जॅकेटं शिवणाऱ्या म्हाताऱ्याला तो रस्ता बंद झाला. रुगायाला माहेर तुटलं. दोन्हीकडे जाणारी मी एकटी, कारण रविवारी सकाळी माझे कोएसिस्टर, पाकातले गोड वडे, सगळ्यांनाच लागतात, माणसं मारणाऱ्यांनाही.

रुगायाला मुलगी झाली. सातव्या दिवशी नाव ठेवतात, तेव्हा आजोबाने बाळाला मांडीवर घ्यायचं असतं. सादिकला आयुष्यात आता तेवढंच हवं होतं. त्याने फायेककडे जाऊन एका दिवसापुरता रस्ता मागितला. फायेकने त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"बुटा," तो म्हणाला. थोरल्या भावाला म्हणावं तसं सगळेच सादिकला बुटा म्हणायचे. "माझ्या हातात असतं तर तुम्हाला पाठुंगळी नेलं असतं."

त्याच्याच हातात होतं.

मग सादिकने केलं ते आमच्या मंडळातला कुठलाही आजोबा करतो. नातवंडाचं पहिलं जॅकेट घरच्या हाताचं असतं. उरलेल्या साटिनचं त्याने वीतभर जॅकेट शिवलं, गळ्याला पांढरी किनार लावली. त्याच्या लेखी पिवळा हा अजून मंडळाचा रंग होता, टोळीचा नव्हे. आणि मी, स्वतःला शहाणी समजणारी, ते कोएसिस्टरच्या डब्याखाली लपवून पलीकडे नेलं. लपवलं म्हणजे मला कळत होतं. तरी नेलं.

रुगायाने जॅकेट नाकाशी धरलं आणि बापाच्या इस्त्रीचा वास येतो म्हणून रडली. मग ते बाळाला घातलं आणि पाहुण्यांना दाखवायला दारात उभी राहिली. संध्याकाळी पलीकडच्या टोळीचे चौघे आले. आजोबांनी पाठवलंय, तौरिकने सांगितलं, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. शुक्रवारपर्यंत घर सोडा, नाहीतर तिघांनाही पुरू, म्हणाले. ते गुरुवारीच निघाले.

"वशीला आंटी, बाबांना सांगा, जॅकेट तिला बरोब्बर बसलं," जाताना रुगाया म्हणाली. "आणि आम्ही कुठे गेलो ते विचारू नका म्हणावं. त्यांना कळलं की फायेकला कळेल, आणि आम्हाला आता कुठल्याच टोळीच्या नजरेत यायचं नाही."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. सादिकने मान हलवली. त्यानंतर त्याने पिवळ्याला हात लावला नाही. फायेकला काय, दुसरा शिंपी मिळाला.

चार वर्षांनी फायेक आणि पलीकडचा म्होरक्या एका टेबलावर बिर्याणी जेवले. भांडणात धंदा बुडत होता, म्हणून भागीदारी केली. मेलेल्यांचं नाव कुणी काढलं नाही. रस्ता मोकळा झाला.

सादिकने सूट चढवला, तांबडी टोपी घातली आणि मला म्हणाला, चल. तौरिकच्या घरात आता अनोळखी बाई राहत होती. आधीचे लोक कुठे गेले तिला ठाऊक नव्हतं. तिने आम्हाला पाणी दिलं. सादिक पाणी प्याला, तिला दुवा दिली आणि आम्ही परत आलो. आपल्या पायरीवर बसून त्याने पलीकडे पाहिलं. ते दार तिथून स्पष्ट दिसत होतं.

"वशीला," तो म्हणाला, "इथून नेलेला चहा तिथे गरमच पोचला असता गं."