महेश्वरी मॅडमची रजा

जुळे सोलापुरातल्या त्या कॉलनीत सकाळी सहाला समाजमंदिराच्या खिडक्या थरथरायला लागल्या की लोक समजायचे, महेश्वरी मॅडमचा क्लास सुरू झाला. योगा, एरोबिक्स आणि झुम्बा यांची महेश्वरीनं स्वतःची अशी एक मिसळ केली होती आणि तिच्यात तर्री जरा जास्तच होती. सकाळी बायका, संध्याकाळी कॉलेजच्या पोरी, आणि शाळांची गॅदरिंग आली की मधल्या वेळात कोळीनृत्याच्या लाटा. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा बॅच संपवून ती धापा टाकत अक्षतेला पोचली होती. फोटोत तिच्या शालूखाली स्पोर्ट्स बूट स्पष्ट दिसतात.

बॅचच्या शेवटी ती बायकांना शवासन सांगायची. "शरीर सैल सोडा, मन शांत करा," असं माईकवर म्हणता म्हणता स्वतः मात्र फोनवरचे मेसेज बघायची, तोंडावर पाणी मारायची आणि अर्धं केळं खायची. सगळ्या कॉलनीला आराम शिकवणाऱ्या बाईनं कित्येक वर्षांत स्वतः शवासन केलं नव्हतं.

कारण सरळ होतं. नोकरदाराला रजा असते. स्वतःचा क्लास असला की नुसती दांडी असते. आणि दांडीचं काय होतं हे महेश्वरीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. हा हॉल आधी एका योगाबाईंचा होता. त्या बाळंतपणाला जेऊरला माहेरी गेल्या आणि "तोवर जरा बघशील का?" म्हणून क्लास महेश्वरीकडे देऊन गेल्या. बाळाला दात आले तरी महेश्वरीचं बघणं संपलं नाही. शेवटी योगाबाईंनी शिलाई मशीन घेतलं. रस्त्यात भेटल्या तर अजून ओळख दाखवतात, पण लांबूनच.

असो. एके दिवशी उडी मारताना महेश्वरीच्या उजव्या गुडघ्यातून अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. गाणं मोठ्यानं लागलं होतं, त्यामुळे तो फक्त तिलाच ऐकू आला. पुढे महिनाभर तिनं तो कुणाला सांगितला नाही. मग जिना उतरताना रडू यायला लागलं, तेव्हा नवऱ्यानं, गुरुशांतनं, तिला उचलून हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

"दीड महिना घरी बसा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर जन्मभर बसा."

गुरुशांत चिंचोळी एमआयडीसीत कामाला. सुट्टीच्या दिवशी तो असा झोपायचा की शेजारी विचारपूस करायला यायचे. "त्यात काय अवघड हाय?" तो म्हणाला. "मी शिकवतो की."

अवघड होतं ते वेगळंच. दीड महिना क्लास द्यायचा कुणाकडे?

खरं तर प्रश्नच नव्हता. पहिल्या रांगेत शगुफ्ता होती. वेताच्या छडीसारखं अंग, सगळ्या स्टेप्स तोंडपाठ, आणि आवाज असा की माईकची गरज नाही. महेश्वरीनं बॅचला रजेचं सांगितलं, तेव्हा बायकांनी आपणहून शगुफ्ताकडे माना वळवल्या. शगुफ्तानंही ओढणी सारखी केली. महेश्वरीनं तिच्याकडे पाहिलं, तिला योगाबाई आठवल्या, आणि तिची नजर शगुफ्ताच्या खांद्यावरून सरकत थेट शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी गेली.

तिथे पार्वतम्मा काकू होत्या. सुनेनं सकाळी स्वयंपाकघरात लुडबुड नको म्हणून त्यांना क्लासला घातलं होतं. सगळ्यांचे हात खाली आले की यांचे वर जायचे. प्लँक करताना आणि झोपताना त्या अगदी एकसारख्या दिसायच्या.

"काकू, तुम्ही सांभाळाल का बॅच?"

"मी? यव्वा! मला कुटं काय येतं ओ मॅडम?"

म्हणूनच, हे महेश्वरीच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, "येईल की."

तिचा हिशेब पक्का होता. काकूंच्या हाताखाली बायका आठवडाभरात कंटाळतील, आणि दीड महिन्यानं मॅडमच्या नावानं टाहो फोडतील.

पहिल्या आठवड्यात तसे फोन आलेही. "तुमच्याशिवाय मज्जा न्हाय बघा." महेश्वरी गुडघ्यावर बर्फ ठेवून सुखावायची. संध्याकाळच्या पोरी मात्र तेवढ्यातच पलीकडच्या कॉलनीतल्या डान्स क्लासला गेल्या. पोरी कुणासाठी थांबत नाहीत. राहता राहिली ती सकाळची बॅच. तीच आता तिची सगळी दुनिया. मग फोन कमी झाले. मग बंदच. 'क्लास मोडला वाटतं,' तिला वाटलं, आणि तिला जरा बरंही वाटलं. एकदा कुणाच्या तरी स्टेटसला फोटो दिसला, हॉलभर बायका अस्ताव्यस्त पडलेल्या. उकाड्यानं भोवळ आली की काय, या विचारानं ती दचकली.

दीड महिना संपला. डॉक्टरांनी गुडघा दुमडून, ताणून पाहिला आणि पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सहाला महेश्वरी नवा ट्रॅकसूट घालून हॉलवर गेली. चपला दारात मावत नव्हत्या. पायऱ्यांवरून खाली आल्या होत्या. खिडक्या थरथरत नव्हत्या.

आत दिवे बंद, पंखे चालू. काकू खुर्चीत बसलेल्या. समोर भिंतीपर्यंत बायका आडव्या. काकू घरात नातवाला झोपवतात त्या आवाजात बोलत होत्या:

"डबे भरले. कुकर उतरला. सासू देवळात गेली. आता कुणी हाक मारणार न्हाय. पडा."

कुणी घोरत होतं. भिंतीकडची एक बाई पडल्या पडल्या मुसमुसत होती आणि तिला कुणी गप्प करत नव्हतं.

महेश्वरीनं टाळी वाजवली. "चला चला! उठा! जागच्या जागी मार्च!"

"श्श्!" तीन-चार ठिकाणांहून आलं. मग कुणीतरी मान उचलली. "अगंबाई, मॅडम! बऱ्या झालात? पण कशाला आलात ओ एवढ्यात? आराम करा की."

"झाला माझा आराम."

"एवढ्यात कुटं? लई केलंय तुमी आमच्यासाठी. करा की अजून."

काकू मात्र लगबगीनं उठल्या. त्या बाईच्या मनात काही नव्हतं, हेच वाईट. "या मॅडम, ही तुमची खुर्ची. तुमचंच हाय सगळं."

"काकू, बसा तुम्ही," मागून आवाज आला. मग दुसरा. मग सगळा हॉल. कुणी रागानं बोललं नाही. महेश्वरीला बघून बायका मायेनं हसतही होत्या.

काकू अवघडल्या. पदर चाळवत म्हणाल्या, "मग असं करा मॅडम, तुमी रोज येत जावा. खिडकीपाशी जागा हाय, माझीच जुनी. वारं लई छान येतं तितं."

परत फिरावं तर दारात चपलांचा ढीग आणि बायकांचे डोळे. महेश्वरी खिडकीपाशी गेली आणि बसली. शेजारच्या चटईवर शगुफ्ता होती. ती छताकडे बघत हळूच म्हणाली, "मैं थी ना, मॅडम. मेरेकू देते तो मैं वापस करती थी." थोडं थांबून म्हणाली, "अब काकू देंगे भी, तो ये औरतां नहीं देते."

काकूंनी चादरीची घडी आणून महेश्वरीच्या गुडघ्याखाली सारली आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

"डबे भरले," त्यांनी पुन्हा सुरू केलं. "आता कुणी हाक मारणार न्हाय."

महेश्वरी डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिली. काकू खोटं बोलत नव्हत्या. खिडकीतून वारं खरंच छान येत होतं, आणि गुडघा अजिबात दुखत नव्हता.